जाळीत अडकलेली धामण

कुंपणाचं काम सांगायला येणारा माणूस आधी भाव विचारतो. फुटाला किती, किलोला किती. माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: अडवायचंय कोणाला? मोकाट गुरांना काटेरी तारेचे चार-पाच पदर पुरतात. रानडुकराला पुरत नाहीत, ते खालच्या तारेखाली मुसंडी घालून माती उकरतं आणि आत शिरतं. वानर-माकडांना तर साधी जाळी म्हणजे चढायची सोयच. उत्तर बदललं की खांब बदलतो, जाळी बदलते, खर्च बदलतो. हा प्रश्न विचारायचा राहून गेला तर काय होतं, ते गुहागर तालुक्यातल्या एका परसबागेत मी डोळ्यांनी पाहिलं.

घरमालक काका नोकरी संपवून मुंबईहून कायमचे गावी आले होते. घरामागे चार गुंठे जागा. नारळ, पोफळी, कडेला अळू आणि हळद, मधे काकूंचा भाजीचा मळा: भेंडी, मिरची, मांडवावर पडवळ आणि दोडकी. एका कोपऱ्यात सुरण आणि कणगर. डुकरं येत होती ती या कंदांसाठीच. एका रात्रीत सगळा कोपरा नांगरल्यासारखा करून ठेवत. काकूंनी मला ती जागा दाखवली तेव्हा त्यांचा आवाज जड झाला होता. लावणीपासून काढणीपर्यंत सात-आठ महिने जपलेला सुरण असा उकरून पडलेला बघणं सोपं नसतं.

पूर्वी या जागेला गडगा होता. जांभ्याचे दगड, चुना-सिमेंट काही नाही, नुसते एकावर एक बसवलेले, आणि वर दरवर्षी घातलेली काट्या-फांद्यांची वई. वई घालायला माणसं मिळेनाशी झाली, गडगा दोन-तीन ठिकाणी ढासळला. काका मुंबईत असताना कोणीतरी तात्पुरता उपाय म्हणून नायलॉनची बारीक जाळी आणली आणि गिरिपुष्पाच्या खुंटांना बांधली. ही जाळी कोकणात आता घराघराला दिसते. स्वस्त, हलकी, एकटा माणूस दुपारभरात सगळ्या बागेला गुंडाळून टाकतो. उन्हाने ती वर्ष-दोन वर्षांत कडक होते, फाटते, खालचा भाग सुटून गवतात पडतो. डुक्कर तिला जुमानत नाही. अडकतात ते भलतेच जीव.

पावसाळा संपून दिवाळी तोंडावर आली होती. या दिवसांत वरची माती अजून मऊ असते, फूटभर खाली मात्र जांभा लागतो आणि मग पहारीने भागत नाही, ब्रेकर लावावा लागतो. मोजणीचा नकाशा काकांनी आधीच काढून ठेवला होता, शेजाऱ्यांना समोर उभं करून दोरी धरली, हद्दीच्या रेषेवर पांढरी फक्की मारली. शेजारी हजर नसताना मी हद्दीवर पहिला खड्डा मारत नाही. कुंपण एकदा उभं राहिलं की ते हलवणं दोन घरांना महागात पडतं.

सकाळी खड्ड्यांचं काम सुरू झालं आणि एका गड्याला मी जुनी जाळी सोडवायला लावलं. पायात गमबूट, हातात काठी, ढासळलेल्या गडग्याचा दगड थेट हाताने उचलायचा नाही, आधी पहारीने उलटायचा. हा माझ्याकडे नियमच आहे. रत्नागिरी जिल्ह्यात दगडाखाली फुरसं हा विषारी साप असतो, लाल विंचू असतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावरचा उपचार शोधायच्या आधी या पट्ट्यात लाल विंचवाने किती माणसं नेली, ते आमच्या घरातली म्हातारी माणसं सांगायची.

दहाच्या सुमाराला गड्याने हाक मारली. "दादा, इकडे या. हळू या."

पडवळाच्या मांडवामागे, जाळीचा सुटलेला भाग जिथे गवतात गोळा झाला होता, तिथे एक धामण अडकली होती. सहा फुटांच्या आसपास असेल. मोठे गोल डोळे, ओठांवर काळ्या उभ्या रेघा, शेपटीकडे काळे पट्टे. डोकं आणि वीतभर अंग जाळीच्या एका भोकातून पार झालेलं, पुढे अंग जाड होतं तिथे दोरे रुतलेले. सापाला मागे सरकून सुटता येत नाही. खवल्यांची टोकं शेपटीकडे वळलेली असतात, मागे ओढलं की प्रत्येक दोरा खवल्याखाली शिरतो. म्हणून तो पुढे जोर करतो आणि प्रत्येक जोराने दोरा आणखी आत जातो. या धामणीने बराच जोर केला होता. सुटायच्या धडपडीत ती शेजारच्या चार-पाच भोकांतून आत-बाहेर शिरली होती आणि सगळी जाळी तिच्याभोवती पिळली गेली होती. दोन ठिकाणी कातडी कापली जाऊन लाल मांस दिसत होतं. मी जवळ गेलो तेव्हा तिने मान उचलली, गळा फुगवला आणि घुमल्यासारखा आवाज काढला. मग डोकं पुन्हा खाली टेकलं.

काम थांबवलं. धामण बिनविषारी, हे मला माहीत आहे. तरीही जखमी सापाला मी हात लावत नाही आणि कोणी लावू नये. चावा तर बसतोच, आणि घाईत ओढाताण झाली तर साप मरतो. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला, शृंगारतळीच्या एका ओळखीच्या सर्पमित्रालाही कळवलं. तो यायला वेळ लागणार होता आणि ऊन चढत होतं. ऑक्टोबरचं ऊन बांधलेल्या सापाला जिवे मारू शकतं, कारण सावलीत सरकणं हा त्याचा एकमेव बचाव असतो. आम्ही चार काठ्या रोवल्या, वर ओलं गोणपाट टाकलं आणि लांब बसलो.

तोवर वाडीतली माणसं जमली. एकाने सांगितलं, ही गोठ्यात शिरते, म्हशीच्या पायाला वेढा घालून दूध पिते. हे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं आहे आणि सांगणारा खोटं बोलत नव्हता, त्याला तसंच वाटत होतं. मी त्याला एवढंच म्हटलं, सापाला चोखता येईल असे मऊ ओठ नाहीत आणि वाकडे तीक्ष्ण दात आहेत. म्हैस ते दात सडाला लावून घेईल का? तो थोडा विचारात पडला. गोठ्यात धामण येते ती उंदरांमागे. शेजारच्या आजी मात्र ठाम होत्या. "मारू नको रे कोणी. माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून धामण या गडग्यात आहे. भाताच्या कणगीला उंदीर लागला नाही कधी."

मला तेव्हा त्या गडग्याचं फार वाटलं. बिनसिमेंटच्या दगडांत फटी असतात. त्या फटींतून धामण, घोरपड, मुंगूस, बेडूक ये-जा करत राहिले आणि गुरं तेवढी बाहेर राहिली. आमच्या आजोबा-पणजोबांनी बांधलेलं ते कुंपण अडवायचं त्याला अडवत होतं आणि बाकीच्यांना वाट देत होतं. नंतर आलेल्या जाळीने हे उलटं केलं.

सर्पमित्र आला. त्याने आधी लांबून पाहिलं, मग डोक्यावर सैल कापडी पिशवी सरकवली. डोळे झाकले की साप शांत होतो. मानेमागे हलका हात ठेवून तो म्हणाला, "कापायचं काम तुम्ही करा, तारेत तुमचा हात बसलेला आहे." माझ्या पकडीचं तोंड जाड, ते त्या दोऱ्यांखाली जाईना. काकूंनी टाके उसवायची बारीक बोथट टोकाची कात्री आणून दिली. आधी भोवतीची जाळी कापून तिला मोठ्या गुंत्यातून मोकळं केलं, मग अंगावरचा एकेक दोरा. दोरा खवल्याखालून शेपटीच्या दिशेने अलगद उचलायचा, खाली कात्रीचं टोक, कट, पुढचा. जिथे दोरा मांसात गेला होता तिथे आधी पाणी टाकून ती जागा ओली केली. तिचं अंग माझ्या बोटांखाली आकसत होतं. माझी सगळी हयात तार ओढण्यात गेलेली आहे, हाताला ताकदीची सवय आहे, पण इतक्या जपून मी कधी काही कापलं नव्हतं. शेवटचा दोरा निघाला तेव्हा कोणी काही बोललं नाही, आजींनी फक्त हात जोडले.

जखमा पाहून सर्पमित्राने तिला लगेच सोडलं नाही. वनरक्षकाला कळवलं आणि पिशवीतून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. जखमा भरल्यावर त्याच परिसरात सोडल्याचं त्याने नंतर फोनवर सांगितलं. मी त्या दिवशी दुपारी जेवायच्या आधी सगळी जाळी काढून घेतली, गवतात, आळ्यात, मांडवाच्या पायथ्याशी पडलेला प्रत्येक तुकडासुद्धा. जमिनीवर पडलेला हातभर तुकडाही सापाला पुरतो.

मग काका-काकूंना घेऊन पडवीत बसलो आणि कामाचा आराखडा पुन्हा मांडला. आधी ठरलं होतं, चेनलिंकच्या, म्हणजे तारा एकमेकींत गुंफलेल्या लोखंडी जाळीच्या, खालच्या दोन फुटांना बारीक भोकाची जाळी लावायची, म्हणजे "काहीच आत येणार नाही." काकूच म्हणाल्या, "ती नको. डुक्कर तेवढं थांबवा."

डुक्कर थांबवायला बारीक भोक लागत नाही, तळ पक्का लागतो. आम्ही दोन इंची भोकाची दहा गेजची, जस्ताचा मुलामा दिलेली चेनलिंक घेतली. गेजचा आकडा जितका कमी तितकी तार जाड, हे गिऱ्हाइकाला सांगावं लागतं, कारण बाजारात बारा गेज स्वस्त पडते आणि डुकराच्या धडकेला ती वाकते. ही तार ताठ असते, सापाभोवती आवळली जात नाही; तो भोकातून जातो किंवा वळून दुसरीकडे जातो. खांब सिमेंटचे, आठ-आठ फुटांवर, दीड-दोन फूट जमिनीत. कोपऱ्याच्या खांबांना दोन्ही अंगांनी तिरके ठेपे, कारण सगळा ताण कोपरा पेलतो. तो झुकला की दोनशे फुटांची जाळी ढिली पडते. काँक्रीटला आठवडाभर पाणी दिल्याशिवाय मी ताण देत नाही, आणि हा आठवडा थांबायला लोक कुरकुरतात. काका कुरकुरले नाहीत. जाळीला वर, मधे, खाली अशा तीन ताणतारा ओवल्या. तळाशी फूटभर जाळी चरात गाडली आणि चरावर जुन्या गडग्याचेच जांभे दगड बिनसिमेंटचे रचले.

काकांनी झटका मशीनचंही विचारलं होतं. सौर कुंपणाची यंत्रं सेकंदाला साधारण एक असा क्षणभराचा झटका देतात, जनावर दचकून मागे होतं, मरत नाही. मोठ्या बागेला ती योग्य आहेत. चार गुंठ्यांना, तेही नातवंडं खेळतात तिथे, गरज नव्हती. घरातल्या विजेची तार थेट कुंपणाला जोडायचा सल्ला मात्र कोणी दिला तर त्याला घराच्या पायरीवरून परत पाठवा. त्याने माणसं मेलेली आहेत आणि तो गुन्हा आहे.

वानरांसाठी माझ्याकडे कुंपणाचं उत्तर नव्हतं, ते मी स्पष्ट सांगितलं. पडवळ-दोडक्याच्या मांडवावर काकू आता फळं धरल्यावर तेवढी जाळी टाकतात: जाड सुताची, ताणून बसवलेली, जमिनीपासून वर, आणि तोडणी झाली की काढून घडी करून माळ्यावर.

पुढच्या पावसाळ्यात काकांचा फोन आला. डुकरं ओढ्याकडच्या कोपऱ्याला येऊन धडकली होती, दगड चार-पाच जागचे हलले, पण जाळी गाडलेली असल्याने आत वाट मिळाली नाही. सुरण शाबूत होता. मी जाऊन दगड पुन्हा रचून आलो. त्याच फेरीत आजींच्या अंगणातली नायलॉनची जाळी काढली. आजींना नवं कुंपण परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांच्या हद्दीवर मोगली एरंड आणि गिरिपुष्पाचे खुंट दाट लावून दिले. पावसात ते रुजतात, खर्च काही नाही. वाडीतल्या आणखी दोन घरांनी तेच सांगितलं आहे, ती कामं पुढच्या पावसाआधी घ्यायची आहेत.