आवडत्या सिनेमांची यादी करताना

नागपुरात चार सिनेमावेडे तर्री-पोह्यांवर जमले की ‘सर्वांत भारी सिनेमा कोणता’ हा वाद पेटतोच. तो घशाच्या जोरावर जिंकू देऊ नका. आधी प्रत्येकाने गुपचूप १० नावं लिहावीत. पहिल्याला १०, दुसऱ्याला ९, शेवटच्याला १ गुण. पाचच नावं घेतली तर याद्या एकमेकींना भिडत नाहीत आणि सगळे सिनेमे एकेका मतावर अडकतात. बरोबरी झाली तर जो जास्त याद्यांत आहे तो वर.

‘आवडता’ आणि ‘उत्तम’ यांची सरमिसळ मात्र सुरुवातीलाच थांबवा, निम्मी भांडणं तिथूनच उगवतात. ‘झुंड’ (२०२२) आपल्याकडे हमखास वर चढतो. मला तो मनापासून आवडतो, पण आपलं शहर पडद्यावर दिसलं म्हणून गुण देऊ नयेत.

वाद अडला तर आठवणीवर विसंबू नका, शेवटची दहा मिनिटं पुन्हा लावा. नागराज मंजुळेंचेच दोन शेवट शेजारी ठेवून बघा. ‘फँड्री’त टिंगल करणाऱ्या गर्दीवर नायक जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो, म्हणजे आपल्याकडे. ‘सैराट’मध्ये (२०१६) आवाजच काढून घेतलाय, लहानग्याची रक्ताळलेली पावलं फरशीवर उमटत जातात आणि संगीत मदतीला येत नाही. माझं मत ‘फँड्री’ला. ‘सैराट’ रडवतो, ‘फँड्री’ आपल्याला त्या गर्दीत उभं करतो.

नुकताच पाहिलेला सिनेमा यादीत घालू नका, वर्षभर थांबा.