जॉब कोणाचा? आमच्या टूलरूमची वाटचाल

आमचं टूलरूम भोसरी एमआयडीसीत. कामं प्रेस टूल्सची, म्हणजे प्रेसवर पत्र्याचे पार्ट कापायच्या-वाकवायच्या साच्यांची, ज्यांना आम्ही डाय म्हणतो: कंपाउंड (एका दाबात सगळं कापणारी), प्रोग्रेसिव्ह (पट्टी पुढे सरकवत एकेका स्टेशनवर काम करणारी), अधूनमधून एखादं ड्रॉ टूल (पत्रा ओढून खोलगट करणारं). एकेक डाय म्हणजे एक जॉब. 1996 मध्ये सुरू केलं ते दोघांनी, मी आणि दादांनी. दादा म्हणजे सख्खे भाऊ नव्हेत, आधीच्या नोकरीतले माझे सीनियर. त्यांच्याकडे हात होता, माझ्याकडे स्कूटर. ऑर्डर मी आणायची आणि डाय त्यांनी करायची, एवढीच आमची कामाची वाटणी.

तेव्हा एक डाय, एक माणूस असा हिशोब होता. स्ट्रिप लेआउट (पट्टीवर पार्टची मांडणी) काढणाराच स्टील बघायला जायचा, तोच मिलिंगवर उभा राहायचा. हार्डनिंगहून प्लेट आली की कडकपणा 58-60 लागलाय का हे तोच बघायचा, ब्लू (निळा रंग) लावून पंच (डायमध्ये शिरून कापणारा भाग) तोच जुळवायचा, आणि ट्रायला (चाचणीला) पहिला पीस पडला की अंगठ्याच्या नखाने बर (कापलेल्या कडेवर उरलेली धार) चाचपायचाही तोच. दादांची हाइट गेज (उंची मोजायचं साधन) लाकडी पेटीत असायची, खाली पिवळं फडकं. पोरं तिला देवघर म्हणायची, कारण तिला हात लावायचा तर आधी हात धुवावे लागत. पेटी आजही माझ्या टेबलावर आहे. डिजिटल गेज तीन आल्या, पण सरफेस प्लेटवर (तपासणीच्या सपाट फरशीवर) शेवटची खात्री करायची वेळ आली की मी हीच उघडतो.

आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक कराडचं. फवारणी पंपाचे पार्ट करतात, आम्ही त्यांना काका म्हणतो. काकांनी कधी फोनवर डिलिव्हरीची तारीख विचारली नाही. ते विचारायचे, "माझ्या डायचा बाप कोण?" नाव कळलं की त्या पोराशी स्वतः बोलायचे, आणि मग चार महिने फोन नाही. पैसे मात्र ट्राय पास झाला की आठवड्यात.

2003 ते 2014 बरं चाललं. शेजारचा गाळा घेतला, वायरकट (विजेच्या ठिणगीने, तारेने स्टील कापणारं मशीन) आली, व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) आलं, माणसं चाळिसाच्या घरात गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग एक मोठं गिऱ्हाईक आलं, दुचाकी बनवणाऱ्या कंपन्यांना सायलेन्सर पुरवणारं. त्यांच्या ऑडिटरने पहिल्याच दिवशी ऑर्गनायझेशन चार्ट मागितला. डिझाइन करणारा आणि असेंब्ली करणारा एकच असेल तर तपासणार कोण, असं त्याचं म्हणणं. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. त्यांच्याच आग्रहाने सल्लागार नेमला, त्याची फी आम्ही भरली, आणि आमची चार खाती झाली: डिझाइन, मशीनशॉप, फिटिंग, क्वालिटी. प्रत्येकाला हेड, प्रत्येक हेडला केबिन.

फायदा झाला, तो नाकारत नाही. डिझाइनवाले एका खोलीत बसायला लागल्यावर एकाने केलेली चूक दुसरा परत करेना. वायरकट दोन्ही पाळ्या भरून चालायला लागली. एखादा पोरगा सोडून गेला तरी डाय अडत नव्हती. पण काका फोन करायचे तेव्हा द्यायला नाव नसायचं. "डिझाइन झालंय, मशीनशॉपला विचारा." मशीनशॉप म्हणायचं, "आम्ही दिलं, फिटिंगला आहे."

हे सगळं अंगावर आलं 2019 मध्ये. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 (गाड्यांच्या धुराचे नवे सरकारी नियम) लागू होणार, म्हणजे प्रत्येक मॉडेलला नवा एक्झॉस्ट, आणि आम्हाला एकदम ब्रॅकेट-क्लॅम्पच्या टूल्सची मोठी ऑर्डर. मटेरियल स्टेनलेस. ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे की स्टेनलेस पंचाला चिकटतं आणि बेंडला परत उघडतं. एका ट्रायने भागत नाही. तारीख सरकारने ठरवलेली, त्यामुळे मुदतवाढीचा विषयच नाही.

नेमकं काय घडलं ते सांगतो, कारण बाहेर त्याची वेगळीच गोष्ट फिरते. एका प्रोग्रेसिव्हची डाय प्लेट वायरकटवर लागली होती. अर्धी स्टेशनं कापून झाली, तेवढ्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या तातडीच्या पंचासाठी मशीनशॉपच्या हेडने प्लेट उतरवली. त्याला वायरकट रिकामी न ठेवण्याबद्दल शाबासकी मिळायची, या टूलच्या तारखेबद्दल त्याला कोणी विचारणार नव्हतं. रात्रपाळीत प्लेट परत चढली, पण रेफरन्स होलवर (माप जिथून धरायचं त्या भोकावर) डायल फिरवून सेटिंग करायच्या ऐवजी कडेवरून घेतली. पिच (दोन स्टेशनांमधलं अंतर) मिलिमीटरचे चार शतांश सरकला. ट्रायला पायलट (पट्टी जागेवर धरणारी पिन) पट्टी ओढायला लागला, भोकं लांबट, बर एका बाजूला. फिटिंगवाल्यांनी पंच घासला, कारण त्यांच्या हातात तेवढंच होतं. क्वालिटीने रिजेक्ट मारलं, त्यांच्या हातात तेवढंच होतं. चौघांनी आपापलं काम चोख केलं आणि प्लेट भंगारात गेली.

एका टूलचा उशीर दुसऱ्यावर गेला. गिऱ्हाइकाने बिलं अडकवली, बँकेची ओडी (ओव्हरड्राफ्ट) मर्यादेपर्यंत भरली, पगार दोन हप्त्यांत द्यावे लागले. त्याच महिन्यात मशीनशॉपचा हेड दोन डिझायनर घेऊन बाहेर पडला आणि चाकणला स्वतःचं टूलरूम टाकलं. त्या गिऱ्हाइकाच्या परचेसला (खरेदी खात्याला) जाऊन सांगितलं की आमच्याकडे जॉबला कोणी धनी नाही. रिपीट ऑर्डर सगळ्या तिकडे. प्लेट उतरवणारा हाच, आणि हेच त्याचं भांडवल! परचेसवाल्यांनी आम्हाला एकदाही बोलावून विचारलं नाही.

त्या दिवसांत दादांनी आपली एफडी मोडली. काकांनी पुढच्या दोन डायचे पूर्ण पैसे आधी पाठवले, पावतीही मागितली नाही.

सावरताना मी थोडं वाचलं. टेलर म्हणून जो अमेरिकन, तोही मशीनशॉपमधूनच वर आलेला, त्याने 1903 मध्ये एका कामगारावर आठ फोरमन सुचवले होते: वेगाचा एक, दुरुस्तीचा एक, तपासणीचा एक असे. फ्रान्समध्ये फायोलने 1916 मध्ये उलट सांगितलं, एका माणसाला एकच साहेब. पुढे 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या विमान आणि अंतराळ कंपन्यांनी दोन्हींची गाठ मारली, खातंही राहील आणि प्रकल्पाचा प्रमुखही. त्यालाच मॅट्रिक्स म्हणतात. मी मूळचा चिपळूणचा, त्यामुळे मला कोकण रेल्वे जास्त पटते. ती उभारणाऱ्या श्रीधरन साहेबांनी अख्खा मार्ग सात विभागांत वाटला, प्रत्येकावर एक चीफ इंजिनिअर, आणि त्याला जागेवर निर्णय घ्यायचे अधिकार. किती दिवस उरले ते दाखवणारी उलटी घड्याळं लावली ती वेगळीच.

आम्ही खाती मोडली नाहीत. रजा, शिकवणं, मशीनची निगा, कामाचा दर्जा हे हेडकडेच. पण प्रत्येक टूलला एक जॉबवाला, स्ट्रिप लेआउटपासून गिऱ्हाइकाच्या प्रेसवर पास होईपर्यंत. जॉबकार्डावर त्याचं नाव. पंचवीस हजारांपर्यंतची खरेदी मला न विचारता. सकाळी साडेआठला वायरकटसमोर फळ्याजवळ सगळे उभे राहतात, बसायचं नाही. रांग मशीनशॉपचा हेड लावतो, पण वायर चालू असलेली प्लेट कोणी उतरवायची नाही, मीसुद्धा नाही. दोन जॉबवाल्यांचं भांडण आठवड्यातून एकदा होतंच. होऊ द्यावं. पूर्वी ते भांडण गिऱ्हाइकाच्या गेटवर व्हायचं.

नव्याने धंद्यात येणाऱ्यांना सांगतो, विचारलं नसलं तरी. पोराला प्रोजेक्ट मॅनेजरचं व्हिजिटिंग कार्ड देऊन एन्ड मिल (मिलिंगचं कटर) आणायला तुमची सही लागत असेल, तर ते कार्ड छापू नका. हेडची पगारवाढ ठरवताना जॉबवाल्याला विचारा, नाहीतर त्याचं कोणी ऐकणार नाही. एका माणसाला दोनपेक्षा जास्त चालू टूल्स देऊ नका. चाळीस टक्के अॅडव्हान्स आल्याशिवाय स्टील कापू नका. 2006 च्या एमएसएमई कायद्यात 45 दिवसांत पैसे द्यायचे असं लिहिलंय, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. पण ते मागणाऱ्याला पुढची पीओ (खरेदीची ऑर्डर) कोण देतं, ते मला दाखवा.

आता दादा आठवड्यातून एकदा येतात. काकांचा धंदा त्यांची मुलगी बघते. फोनवरचा तिचा प्रश्न तोच आहे, आणि सध्याच्या डायला उत्तर म्हणजे आमची एक डिप्लोमावाली पोरगी, जिच्याशी वायरकटवाले वाद घालायला घाबरतात.

गेल्या पावसाळ्यात चाकणवाल्याची वायरकट बंद पडली, तेव्हा त्याची एक प्लेट आमच्याकडे आली. रांगेत तिचा नंबर तिसरा होता. त्याने दोनदा फोन करून पुढे घ्यायला सांगितलं. तिसरीच लागली, रेफरन्स होलवर डायल फिरवून. दर पूर्ण लावला, आणि पैसे आल्यावरच प्लेट गेटबाहेर गेली.