शॉर्टस्टॉप बाहेर का गेला?

मी इंडियानापोलिसला व्हिक्टरी फील्डवर बेसबॉलचा डेटा भरते. ऑफिशियल स्कोअरर नाही हां, तो वेगळा माणूस आणि त्याचा थाटही वेगळा. मी त्याच्या शेजारी प्रेस बॉक्समध्ये लॅपटॉप घेऊन बसते आणि पिचरने टाकलेली प्रत्येक पिच (इथे पिच म्हणजे टाकलेला चेंडू, खेळपट्टी नव्हे) टाइप करते, बॉल (ठरलेल्या चौकटीबाहेरून गेलेली आणि बॅटरने सोडलेली), कॉल्ड स्ट्राइक (चौकटीत आलेली, पण बॅटरने सोडलेली), स्विंगिंग स्ट्राइक (बॅट फिरवली, पण लागली नाही), फाउल (लागली, पण रेषेबाहेर गेली), मारला तर कुठे मारला, कोणी अडवला, कोणाकडे फेकला. बटण दाबलं की काही सेकंदांत ते लोकांच्या फोनवर. बाकी वेग किती, चेंडू किती वळला वगैरे सगळं वर लावलेले कॅमेरे मोजतात, पण काय "घडलं" ते अजून माणसालाच सांगावं लागतं आणि त्याचे थोडेफार पैसे मिळतात.

लग्नाआधी पुण्यात क्रिकेटचं स्कोअरिंग करायचे. असोसिएशनची परीक्षा दिलेली, पीवायसीला, डेक्कनला दिवसदिवस बसलेय. नवरा कमिन्समध्ये, त्याची बदली कोलंबसला झाली (इंडियानातलं कोलंबस, ओहायोतलं नाही, हे घरी सगळ्यांना अजून समजावतेय), आम्ही मधे ग्रीनवुडला राहतो, वर्क परमिट आलं आणि मी शोधत शोधत इथे येऊन टेकले. सुरुवातीला मला एकच गोष्ट पचत नव्हती. क्रिकेटमध्ये स्कोअररला मत नसतं, अंपायरने हात केला की तुम्ही हात वर करून पोच द्यायची आणि लिहायचं. इथे ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून आलेला चेंडू, फील्डरच्या हातातून निसटला तर हिट (बॅटरची कमाई) की एरर (फील्डरची चूक) हे स्कोअररच ठरवतो, अंपायर नाही! म्हणजे पिचरचा ईआरए (दर नऊ इनिंगला त्याच्या खात्यावर लागणाऱ्या धावा, कमी तेवढं चांगलं), बॅटरची सरासरी, सगळं ह्या शेजारी बसून शेंगदाणे खाणाऱ्या गृहस्थाच्या मतावर. त्याला चोवीस तासांत निर्णय बदलताही येतो आणि तेवढ्या वेळात खेळाडूंची माणसं त्याला कसं गोड बोलतात तेही मी ऐकलंय.

आता हे मैदान कोणाचं ते सांगते. इंडियानापोलिस इंडियन्स ही मेजर लीगमधल्या पिट्सबर्ग पायरेट्सची ट्रिपल-ए, म्हणजे मेजरच्या लगेच खालची टीम, 2005 पासून. मेजर लीग म्हणजे सगळ्यात वरची, तिच्या 30 टीम, 2021 पासून प्रत्येकीच्या खाली, अकादमी सोडून, चार पायऱ्या. पायरेट्सचं पोरगं डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये एल तोरोच्या अकादमीत सुरू होतं, मग फ्लोरिडात ब्रेडेंटन, मग ग्रीन्सबरो, मग अल्टूना, आणि मग आमच्याकडे. आमच्यानंतर एकदम पीएनसी पार्क, पायरेट्सचं स्वतःचं मैदान. म्हणजे आमच्याकडे जो उभा असतो तो दारातच उभा असतो, फक्त आतून हाक यायची असते. ती काहींना महिन्यात येते, काहींना येतच नाही. पॉल स्कीन्स हा पिचर 2023 च्या ड्राफ्टमधला (टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) पहिला खेळाडू, 92 लाख डॉलर सायनिंग बोनस, तो 2024 च्या वसंतात आमच्याकडे होता, सात सामने त्याने सुरू केले, 0.99 ईआरए, शंभर मैलांच्या वर पिच टाकायचा आणि पिच मोजून त्याला बाहेर काढायचे, तेव्हा पिट्सबर्गवाल्यांचा जीव वरखाली व्हायचा. 11 मेला तो वर गेला, जुलैत ऑल-स्टार ह्या निवडक खेळाडूंच्या सामन्यात नॅशनल लीगकडून (मेजरच्या दोन लीगपैकी एक) पहिली पिच त्यानेच टाकली. असा माणूस आला की प्रेस बॉक्समध्ये बसायला खुर्ची मिळत नाही. एरवी आम्ही चारपाच जण.

आणि आता दादा. माझा आतेभाऊ पिट्सबर्गला असतो, विद्यार्थी म्हणून गेला तो तिथलाच झाला. 2008 मध्ये पायरेट्सने उत्तर प्रदेशातली दोन भालाफेक करणारी पोरं, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, करारबद्ध केली, त्यांनी त्याआधी बेसबॉल हातातही धरलेला नव्हता, एका टीव्ही स्पर्धेतून निवडलेली. ती ब्रेडेंटनला रुकी लीगमध्ये, म्हणजे नवशिक्यांच्या खालच्या पायरीवर, खेळायला लागली आणि दादा रोज रात्री त्यांचे आकडे बघायला लागला. दिनेशला लवकर सोडून दिलं, रिंकू त्याच्या वरच्या ए लेव्हलपर्यंत गेला, मग दुखापती, पुढे तो कुस्तीच्या शोमध्ये गेला. पण दादाची सवय सुटली नाही. पोरं गेली, पोरांच्या शेजारच्या ओळीतली नावं राहिली.

त्याला मी एकदा विचारलं की अरे मेजरची टीम सोडून तू ही पोरंसोरं काय बघत बसतोस. म्हणाला, अगं, टीम बघून करू काय? 1993 ते 2012 सलग वीस हंगाम ह्यांनी जिंकण्यापेक्षा जास्त हरले. वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजरची फायनल, शेवटची जिंकली 1979 ला. पैसेवाली टीम खेळाडू विकत घेते, आमच्या मालकांना ते झेपत नाही, मग आमच्याकडे जे काही चांगलं येणार ते खालूनच येणार. त्यामुळे पिट्सबर्गचा फॅन आज रात्री जिंकलो का हे नंतर बघतो, आधी अल्टूनाचा कोण तिसऱ्या इनिंगला किती स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद) घेतोय ते बघतो. मला हे पटलं. आपल्याकडे रणजी एवढ्या आस्थेने कोण बघतं सांगा.

तर तो दिवस. साल सांगत नाही आणि खेळाडूंच्या जागाही थोड्या बदलून सांगते, कारण ही प्रॉस्पेक्टवाली (उद्याचे मोठे खेळाडू हुडकणारी) मंडळी बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याचा आकडेतक्ता, उकरून माणूस शोधून काढतात, मला दादावरून माहितीये.

जुलैचा शेवट होता. हा आठवडा म्हणजे ट्रेड डेडलाइनचा, वरच्या टीम खेळाडूंची देवाणघेवाण करतात आणि चांगला अनुभवी माणूस हवा असेल तर बदल्यात खालची पोरं द्यावी लागतात. ट्रेड ठरला की पोराला सामन्याच्या मधेच बाहेर काढतात, जखमी झाला तर सौदा फिसकटेल म्हणून. मग डगआउटमध्ये सगळे त्याला मिठ्या मारतात. कॅमेऱ्यात मिठी दिसली की नेटवर आग. ह्याला ते लोक हग वॉच म्हणतात आणि त्या आठवड्यात खरंच लोक रात्रभर कोण कोणाला मिठी मारतंय हे बघत बसतात.

आमचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा फील्डर) तेव्हा टीमच्या यादीतला मोठा प्रॉस्पेक्ट. स्काउट लोक 20 ते 80 ह्या मापावर मार्क देतात, 50 म्हणजे मेजर लीगचा साधारण खेळाडू, ह्याच्या थ्रोला साठच्या वर धरायचे. पहिल्या इनिंगला त्याने डबल, म्हणजे थेट दुसऱ्या बेसपर्यंत पोचवणारा फटका, मारला, तिसऱ्याला एक चॅलेंज जिंकलं. हे चॅलेंज म्हणजे अंपायरने स्ट्राइक दिला आणि बॅटरला नाही पटलं तर तो लगेच हेल्मेटवर टपली मारतो, कॅमेऱ्याचं चित्र मोठ्या स्क्रीनवर येतं आणि काही सेकंदांत निकाल. डगआउटकडे बघून विचारायचं नाही, स्वतःच ठरवायचं. पब्लिकला फार आवडतं. मला मात्र मागे जाऊन स्ट्राइकचा बॉल करायचा, काउंट (बॉल-स्ट्राइकचा हिशोब) बदलायचा आणि तेवढ्यात पिच क्लॉक (पिचरला वेळ मोजून देणारं घड्याळ) चालू होऊन पुढची पिच यायची, त्यामुळे कोणी डोक्याला हात लावला की माझ्या पोटात गोळा येतो, अगदी कोणी घाम पुसत असला तरी.

चौथ्या इनिंगला टीम फील्डिंगला आली आणि शॉर्टला दुसराच माणूस. घोषणा नाही, ट्रेनर बाहेर आलेला नाही, काही नाही. खाली अंपायरकडे मॅनेजरने बदल सांगितला, तो निरोप वर आला, स्कोअररने माझ्याकडे बघून मान हलवली, मी टाइप केलं. डिफेन्सिव्ह सब्स्टिट्यूशन, अमुकच्या जागी तमुक. कारण लिहायला तिथे जागाच नसते.

आणि फोन थरथरायला लागला. दादा.

"अगं काढला का त्याला?"
"लंगडत होता का?"
"मिठ्या मारल्या का? एवढंच सांग. हो किंवा नाही."

आम्हाला कामाच्या वेळी बाहेर काही सांगायची परवानगी नाही, सट्ट्याचं प्रकरण असतं त्यामागे, ते बरोबरच आहे. मी फोन पालथा घातला. पण प्रेस बॉक्समधले बाकीचे फोन काही पालथे नव्हते. शेजारी टीमचा मीडियावाला पोरगा होता, बावीस-तेवीसचा असेल, तो घामाघूम. पिट्सबर्गचे पत्रकार त्याला मेसेज करतायत, तो खाली फोन करतोय, खालून कोणी उचलत नाहीये. इकडे नेटवर एव्हाना शॉर्टस्टॉपला तीन वेगवेगळ्या टीमकडे पाठवून झालं होतं, बदल्यात कोण येणार तेही ठरलं होतं, आणि "ह्या मालकांनी परत भविष्य विकलं" म्हणून शिव्या सुरू. मी भरलेल्या एका ओळीवरून! मी बसल्या जागी दुर्बिणीतून डगआउट बघितलं (स्कोअररची दुर्बीण, मागून घेतली), तर खरंच मिठ्या चालू होत्या. पण शॉर्टस्टॉप तिथे नव्हताच.

मिठ्या मारत होते एका रिलिव्हर पिचरला, म्हणजे सुरुवातीचा पिचर काढला की येणाऱ्याला. तिशीचा माणूस. ड्राफ्टमध्ये तिसाव्याच्या पुढच्या कुठल्यातरी फेरीत घेतलेला, आता ड्राफ्टला तेवढ्या फेऱ्याच नाहीत, 2021 पासून 20 वर थांबतो. सगळ्या पायऱ्या चढून आलेला, मधे एकदा सोडून दिलेला, परत घेतलेला. कुठल्याही यादीत ह्याचं नाव नाही, कधीच नव्हतं. मला तो ओळखीचा कारण त्याची स्लायडर ही वळणारी पिच बॅटरच्या बॅटला लागून पायाशी जायची आणि मला एकेका बॅटरला सातआठ फाउल टाइप करायला लागायचे. मॅनेजर त्याच्या खांद्याला धरून काहीतरी सांगत होता आणि तो नुसता मान हलवत होता, मग दोघं आत गेले आणि बाकीचे पोरगे परत कठड्याला टेकून सूर्यफुलाच्या बिया थुंकायला लागले.

मी स्कोअररला दुर्बीण दिली. त्याने बघितलं, म्हणाला, "अरे वा, हा?" आणि मग त्याने जे केलं ते मला फार आवडलं, त्याने स्वतःच्या स्कोअरबुकात कडेला त्याचं नाव लिहून वेळ टाकली. ते कशात धरत नाहीत, तसला कॉलमच नाही.

आता हिशोब सांगते म्हणजे त्या मिठ्यांचं वजन कळेल. 2023 मध्ये मायनर लीगच्या (मेजरखालच्या सगळ्या पायऱ्यांवरच्या) खेळाडूंचा पहिल्यांदा युनियनचा करार झाला, त्यात ट्रिपल-एचा किमान पगार वर्षाला 35,800 डॉलर. करारापूर्वी त्याच्या निम्मासुद्धा धड नव्हता. आणि वर मेजरमध्ये 2024 चा किमान पगार 7 लाख 40 हजार, म्हणजे हंगामात दिवसाला जवळजवळ चार हजार. नऊदहा दिवस वर राहिला की खालचं पूर्ण वर्ष वसूल. शिवाय मेजरमध्ये एक दिवस जरी भरला तरी आरोग्य विम्याचा हक्क लागतो. स्कीन्ससारख्याला हा हिशोब लागत नाही, त्याचा हिशोब वेगळाच, त्याला कधी वर आणला तर त्याचं एक वर्ष टीमच्या हातात जास्त राहील असला. (ते जमलंही नाही, तो रुकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षाचा सर्वोत्तम नवा खेळाडू झाला आणि नियमाने मेजरमधलं पूर्ण वर्ष त्याच्या खात्यात जमा. बरं झालं.)

सामना पुढे चाललाच होता. बदली शॉर्टस्टॉपच्या हातातून सहाव्या इनिंगला एक ग्राउंडर सुटला, स्कोअररने एरर दिला, मी लिहिला, नेटवर लगेच "बघा, तो असता तर". सातव्याच्या सुमारास मीडियावाल्याला खालून फोन आला. तो ऐकत राहिला, मग फोन ठेवून आमच्याकडे वळला आणि म्हणाला, पोट. पोट बिघडलंय त्याचं, दुपारी काहीतरी खाल्लं, आत बसलाय. आम्ही सगळे एवढे हसलो की अनाउन्सरने माइक बंद केला. त्याने बिचाऱ्याने ते सभ्य भाषेत टाइप करून टाकलं आणि नेटवाले विश्वास ठेवेनात, "आजार म्हणजे ट्रेडच, आपल्याला येडं समजतात का".

सामना संपल्यावर पार्किंगमध्ये दादाला फोन लावला, तोपर्यंत बातमी बाहेर आली होती म्हणून बोलायला हरकत नव्हती. तो आधी शॉर्टस्टॉपवर दहा मिनिटं बोलला, काय खाल्लं, कुठे खाल्लं, टीम त्यांना नीट खायला देत नाही का. मग मी म्हटलं, दादा, अरे तो रिलिव्हर वर चालला. तर हा गप्प. मला वाटलं आठवत नाही ह्याला. पण तो म्हणाला, "त्याला चाळीसच्या यादीत जागा करायची तर कोणाला काढणार?"

मला हे सुचलंच नव्हतं. वर खेळायचं तर टीमच्या 40 जणांच्या यादीत नाव लागतं, यादी भरलेली असली तर एकाला काढावं लागतं आणि हा माणूस यादीत नव्हता. म्हणजे आमच्या डगआउटमध्ये मिठ्या चालल्या होत्या तेव्हा कुठेतरी दुसऱ्या कोणाला तरी मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं असणार. दादाने दोन नावं घेतली. म्हणाला ह्यातला एक, त्याला दोन लहान पोरं आहेत, दुसऱ्याचं ऑप्शन संपलंय (म्हणजे त्याला यादीत ठेवून नुसतं खाली पाठवता येत नाही), दुसराच असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी यादी आली तर दुसराच होता. म्हणजे दादा नुसत्या पहिल्या दहातल्या पोरांचाच हिशोब ठेवतो असा माझा समज होता, तर तसं नव्हतं, ह्याच्या डोक्यात सगळी माणसं होती.

रिलिव्हर वर गेला तो काही दिवस टिकला. एका हरलेल्या सामन्यात शेवटी आणला, एक होमरन खाल्ला, दोन स्ट्राइकआउट घेतले, ते मी घरी सोफ्यावर बसून बघितलं, तिथे टाइप करणारं दुसरंच कोणीतरी. मग त्यालाही यादीतून काढलं, दुसऱ्या कुठल्या टीमने घेतला नाही, आणि तो परत आमच्याकडे आला. आल्यावर पहिल्याच रात्री एका बॅटरला अकरा पिच, त्यातल्या सहा फाउल. मी मनातल्या मनात शिव्या घालत सगळ्या भरल्या. शॉर्टस्टॉप डेडलाइनला कुठेही गेला नाही. दादा सध्या डॉमिनिकनमधल्या एका सतरा वर्षांच्या डावखुऱ्यावर आहे, त्याचा एकही व्हिडिओ कुठे सापडत नाही म्हणून मला विचारतो की तुमच्यातलं कोणी तिथे टाइप करतं का, ओळख काढ.