स्क्रायबस घरात होता, पण हाकेला ओ देईना

फोंडा, श्रावण, रविवार रात्र

दुपारपासून तीनदा वीज गेली. चवथीच्या आरतीसंग्रहाची पानं लावायची होती, ती राहिली बाजूला. अख्खा रविवार एका प्रोग्रामला हाका मारण्यात गेला.

झालं असं. लॅपटॉपवर लिनक्स आहे, वर प्लाझ्मा, म्हणजे पडद्यावरचा डेस्कटॉप. आल्ट दाबून स्पेस मारला की वर एक पट्टी उघडते, तिचं नाव केरनर. दोन-तीन अक्षरं लिहायची, एंटर मारायचा, प्रोग्राम सुरू. माउसकडे हात न्यायची सवयच सुटली आहे. आता माझ्या डिस्ट्रोच्या, म्हणजे या लिनक्सच्या, भांडारात स्क्रायबसची (पुस्तकाची पानं लावायचा प्रोग्राम) जी आवृत्ती आहे ती जुनी, आणि मला २०२४ साली आलेली १.६ हवी होती. मराठी मजकूर लावणाऱ्याला स्क्रायबसच्या आवृत्तीचं एवढं का पडलंय हे १.४ वापरलेल्यालाच कळेल. जोडाक्षरांचे तुकडे व्हायचे, वेलांटी भलत्याच अक्षरामागे जाऊन बसायची. १.५ च्या मालिकेत हार्फबझ (अक्षरं जुळवणारं इंजिन) आलं तेव्हा कुठे देवनागरी सुधारली. तर नवी आवृत्ती अ‍ॅपइमेज (न बसवता चालणारी एकच फाइल) म्हणून उतरवली, फाइलला चालवायची परवानगी दिली, दोनदा क्लिक केलं. उघडली. जोडाक्षरं जागच्या जागी. मी खूश.

मग खिडकी बंद केली, आल्ट-स्पेस मारला, स्क्रायबस लिहिलं, आणि पुढे आली ती जुनीच. नवीचा मागमूस नाही. फोल्डर उघडून पाहिलं तर फाइल तिथेच आहे, गेली नाही कुठे.

मागून बाबा: "कितें सोदता गो?"

"प्रोग्राम," म्हटलं. "घरात आहे, पण हाकेला ओ देत नाही."

माझी समजूत अशी होती की ही पट्टी डिस्क धुंडाळते आणि चालण्याजोगं जे सापडेल ते पुढे करते. तसं मुळीच नाही. ती चिठ्ठ्या वाचते. प्रत्येक प्रोग्रामची एक छोटी मजकुराची फाइल असते, डॉट डेस्कटॉप नावाची. तिच्यात नाव काय, कुठल्या आज्ञेनं चालतो, चित्र कुठलं, वर्ग कुठला, असं चार-सहा ओळींत लिहिलेलं. भांडारातून काही घेतलं की बसवणाराच ती चिठ्ठी यूएसआर-शेअरमधल्या अ‍ॅप्लिकेशन्स फोल्डरात टाकतो. फ्लॅटपॅकवाले (प्रोग्राम वाटायची आणखी एक पद्धत) आपल्या वेगळ्या फोल्डरात टाकतात आणि तो फोल्डरही शोधायच्या यादीत घालून ठेवतात. अ‍ॅपइमेज मात्र कुठेच काही टाकत नाही. एकटी फाइल, पाठीवर बिऱ्हाड. बसवलीच नाही तर नोंद कोण करणार? विंडोजवर स्टार्ट मेनूतले शॉर्टकट हेच काम करतात, फक्त तिथे इन्स्टॉलर ते मुकाट्यानं ठेवून जातो म्हणून आपल्याला कधी दिसलं नाही.

म्हटलं, चिठ्ठीच लिहायची ना? लिहू.

पहिली चिठ्ठी लिहिली आणि ठेवली डेस्कटॉपवर. नावातच डेस्कटॉप आहे म्हटल्यावर दुसरीकडे कुठे ठेवणार! चित्र आलं पडद्यावर, पण आल्ट-स्पेसला प्रोग्राम म्हणून त्याचा पत्ता नाही. तिची जागा घरच्या फोल्डरात, डॉट लोकल, त्यात शेअर, त्यात अ‍ॅप्लिकेशन्स. डॉटनं सुरू होणारे फोल्डर एरवी दिसतही नाहीत. ज्यानं हे नाव ठेवलं त्याला एकदा भर पावसात फोंड्याच्या बाजारात पार्किंग शोधायला लावावं.

दुसऱ्या खेपेस नाव दिसलं, पण एंटर मारला की काही नाही. यात अर्धा तास गेला, आणि मधे वीज. शेवटी चूक सापडली ती माझ्याच फोल्डराच्या नावात. "नवी साधनं" असं नाव मी ठेवलेलं, मधे मोकळी जागा. एक्झेकच्या, म्हणजे आज्ञा लिहायच्या, ओळीत तो सगळा मार्ग दुहेरी अवतरणात घालायला हवा होता. नाहीतर "नवी" पाशीच आज्ञा तुटते आणि "साधनं" पासून पुढचं सगळं तिच्या मागचा फापटपसारा ठरतं.

खरी गंमत सगळं झाल्यावर कळली. अ‍ॅपइमेजच्या पोटात तयार चिठ्ठी असतेच. टर्मिनलवर त्या फाइलला अ‍ॅपइमेज-एक्स्ट्रॅक्ट हा पर्याय देऊन चालवलं की ती आपलं पोट उघडून फोल्डरात ओतते, त्यात चिठ्ठीही असते आणि चित्रही. ती उचलायची, एक्झेकची ओळ तेवढी बदलायची. माझी हातानं लिहिलेली चिठ्ठी मग टाकून दिली. जरा वाईट वाटलं.

सोमवार

आज बाबा बसले मुद्रितं तपासायला. त्यांची नजर अजून तीक्ष्ण आहे, काना-मात्रा सुटत नाही. आल्ट-स्पेस त्यांना शिकवला, तो लगेच जमला. पण पुढे स्क्रायबस लिहायचं रोमन अक्षरांत! सुरुवात सीनं की एसनं इथपासून. त्यांनी सरळ कळफलक मराठीवर केला आणि एकेका बोटानं लिहिलं: गणपती. काही नाही. मग आरती. काही नाही.

"गणपतीचें पुस्तक खंय आसा?"

मी सांगू लागले की बाबा, प्रोग्रामचं नाव वेगळं, पुस्तकाचं वेगळं. ते हसायला लागले. तीस वर्षं पोस्टमनकी केलेला माणूस. आमच्या वाड्यावर बारा घरं, बाराही नाईक, त्यात तिघांचं नाव एकच. पत्रावर लिहिलेल्या नावानं एकही पत्र पोचलं नसतं. पोचायचं ते बांयकडले, फणसामुळावयले, माळयेवयले अशा नावांवर, आणि ती नावं कुठल्याच सरकारी कागदावर नाहीत. "नांव कोण वाचता? घराक कितें म्हणटात तें पळोवपाचें."

आणि चिठ्ठीत त्यासाठी ओळ आहे की! कीवर्ड्स. नावाखेरीज ज्या ज्या शब्दांनी माणूस शोधेल ते शब्द तिथे लिहायचे, प्रत्येकापुढे अर्धविराम देऊन. मी लिहिलं: गणपती, आरती, पुस्तक, पानं.

तरी नाहीच.

कारण मी शहाणपणा केला होता. त्या ओळीला भाषेची खूण लावता येते, कंसात एमआर म्हणजे मराठी. मी ती लावली, मराठी शब्द आहेत म्हणून. पण माझ्या लॅपटॉपची भाषा इंग्रजी ठेवलेली, त्यामुळे एमआरवाली ओळ वाचली जात नव्हती. खूण काढली, तेच शब्द उघड्या कीवर्ड्सच्या ओळीत टाकले. फाइल युनिकोडमध्ये असते, देवनागरीला तिची ना नाही. बाबांनी "आरती" लिहिलं आणि स्क्रायबस वर आला. कोंकणीचीही खूण आहे, केओके. बोलायचं कोंकणीत आणि लिहायचं मराठीत ही आमच्या घरची जुनी रीत, तर दोन्ही ओळी करून ठेवल्या. वाचणारं सध्या कोणी नाही, असू दे.

बुधवार

एक राहिलं होतं. आता पट्टीत दोन स्क्रायबस येत होते आणि बाबा नेमका जुना उघडायचे. जुना काढून टाकायला धीर होईना, जुन्या फाइली आहेत त्यातल्या. तेव्हा त्याची मूळ चिठ्ठी त्याच नावानं घरच्या फोल्डरात उतरवली आणि खाली नोडिस्प्ले बरोबर ट्रू अशी ओळ घातली. एकाच नावाच्या दोन चिठ्ठ्या असल्या की घरची वाचतात, सरकारी (यूएसआर-शेअरमधली) नाही. जुना जागेवर आहे, फक्त दिसत नाही. (हे सगळं मेनू एडिटरमधून माउसनंही झालं असतं, असं भाचा आज फोनवर म्हणाला. रविवारी कुठे होतास, विचारलं.)

संध्याकाळी पान अठरावर बाबांनी दोन चुका काढल्या, दोन्ही माझ्याच.

मग म्हणाले, "पत्ते खंय?"

मला वाटलं पुस्तिका कुणाकुणाला पाठवायच्या त्यांची यादी. ती उघडून दिली. ते कपाळाला हात लावून बघत राहिले. त्यांना केपेशन्स हवा होता, पत्त्यांचा डाव. सकाळपासून शोधत होते म्हणे. ती चिठ्ठीही उतरवली, कीवर्ड्समध्ये "पत्ते" लिहिलं. आता तेवढं लिहून एंटर मारला की डाव मांडून तयार. पान एकोणीस तसंच पडलंय.