जागेपणीचे इंट्युबेशन : या वेळी टेबलावर मी

ज्यांचा जबडा उघडत नाही, मान मागे वळत नाही किंवा घशात गाठ वाढलेली आहे, अशा रुग्णांना आधी भूल देऊन मग श्वासनलिकेत नळी घालणे धोक्याचे असते. शुद्ध हरपताच जीभ मागे पडते, श्वास थांबतो, आणि त्या वेळी मास्कनेही हवा आत जात नसेल तर हाताशी मोजकी मिनिटेच उरतात. म्हणून अशा रुग्णाला जागे ठेवून, त्याचा स्वतःचा श्वास चालू असताना, नाक आणि घसा बधिर करून नळी घातली जाते. भूलतज्ज्ञ म्हणून हे काम मी बरीच वर्षे करत आले आहे. पण रुग्णाला नेमके काय जाणवते हे मला फक्त ऐकून ठाऊक होते. त्यामुळे भूलतज्ज्ञांच्या एका प्रशिक्षण कार्यशाळेत स्वयंसेवक हवे आहेत असे कळताच मी नाव दिले. तिथे निरोगी भूलतज्ज्ञांवरच ही प्रक्रिया केली जाते. संमतिपत्र रीतसर भरून घेतात, आधी उपाशी ठेवतात आणि गुंगीचे औषध मुळीच देत नाहीत. ही शेवटची अट मला सर्वांत मोलाची वाटली, कारण गुंगी नसली की बधिरीकरणातील उणीव झाकली जात नाही.

सुरुवात ग्लायकोपायरोलेटच्या इंजेक्शनने झाली. लाळ कमी करणारे हे औषध घाईगर्दीत अनेकदा अगदी ऐनवेळी दिले जाते आणि मग त्याचा फारसा उपयोग होत नाही. घसा ओला असला की बधिर करणारे औषध, म्हणजे लिग्नोकेन, लाळेत पातळ होते, गिळले जाते आणि जिथे काम करायचे त्या अस्तरापर्यंत पोहोचतच नाही. मला ते चांगले अर्धा-पाऊण तास आधी दिले होते. हळूहळू जीभ टाळूला चिकटू लागली आणि बोलताना ओठ ओढल्यासारखे वाटू लागले.

दरम्यान शिकवणाऱ्या डॉक्टरांनी एका कागदावर औषधाचा हिशेब मांडला. ब्रिटनमधील डिफिकल्ट एअरवे सोसायटीच्या 2020 मध्ये छापलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार श्वासमार्गावर लावायच्या लिग्नोकेनची कमाल मर्यादा, चरबी वगळून धरलेल्या वजनाच्या दर किलोमागे 9 मिलिग्रॅम आहे. माझे असे वजन 55 किलो धरले, म्हणजे मर्यादा 495 मिलिग्रॅम. मग खर्चाची बाजू लिहिली गेली: नेब्युलायझरमध्ये 4 टक्क्यांचे 4 मिलिलिटर म्हणजे 160, नाकासाठी त्याच औषधाचे 2 मिलिलिटर म्हणजे 80, घशात 10 टक्क्यांच्या स्प्रेचे आठ फवारे म्हणजे आणखी 80, आणि दुर्बिणीतून, म्हणजे जिच्यावरून नळी आत सरकवतात त्या बारीक, लवचिक दुर्बिणीतून, सोडण्यासाठी राखून ठेवलेले 160. एकूण 480. वाफेतले बरेचसे औषध हवेतच जाते, तरी ते पूर्ण मोजायचे असा त्यांचा दंडक होता, आणि मला तो योग्य वाटतो. ओठांभोवती मुंग्या येणे, तोंडाला धातूसारखी चव येणे, कानात गुणगुण होणे ही औषध जास्त झाल्याची पहिली लक्षणे आहेत आणि ती फक्त जागा असलेला रुग्णच सांगू शकतो. अशा विषबाधेवर उतारा म्हणून शिरेतून देतात ते 20 टक्क्यांचे लिपिड इमल्शन कुठे ठेवले आहे, हेही त्यांनी सर्वांना दाखवून ठेवले.

नेब्युलायझरची वाफ पंधरा-वीस मिनिटे चालली. चव कडू होती, पहिल्या काही श्वासांना ठसका लागला, मग लागेनासा झाला. नाकात आधी रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या झायलोमेटाझोलिनचे थेंब सोडले आणि नंतर लिग्नोकेनमध्ये भिजवलेल्या कापसाच्या पट्ट्या सरकवल्या. 1884 मध्ये व्हिएन्नातील डॉक्टर कार्ल कोलर यांनी डोळा बधिर करण्यासाठी कोकेनचा उपयोग दाखवला आणि त्यानंतर ते नाक-घशातही वापरले जाऊ लागले. ते बधिरही करते आणि रक्तवाहिन्याही आकसवते. आज ही दोन कामे सहसा दोन वेगळ्या औषधांवर सोपवावी लागतात, आणि त्यांतले दुसरे विसरले की नाकातून रक्त येऊन दुर्बिणीतून लालभडक पडद्याखेरीज काही दिसत नाही.

घशातले फवारे जिभेच्या मुळाशी आणि टाळूच्या दोन्ही कमानींवर, मध्ये थांबत थांबत मारले गेले. पहिल्या दोन फवाऱ्यांना ओकारीची उबळ आली. त्यानंतर जे घडले त्याची मला कल्पना नव्हती. गिळायला गेले तर गिळल्याचे कळेना. घशात काहीतरी मोठे, मऊ अडकले आहे असे वाटू लागले, आणि त्याहून वाईट म्हणजे श्वास आत गेल्याचे जाणवेनासे झाले. मॉनिटरवर ऑक्सिजन 100 टक्के दिसत होता, छाती वर-खाली होत होती, नाकातल्या नळीतून ऑक्सिजन वाहत होता, आणि तरीही श्वास कोंडल्याची भावना हटत नव्हती. हवेचा गार स्पर्श घशाच्या अस्तराला कळतो म्हणून आपल्याला श्वास जाणवतो; तो स्पर्शच औषधाने पुसला होता. हे सगळे मला माहीत असूनही मी तळहात नाकासमोर धरून उच्छ्वास तपासला. 'गुदमरतोय' म्हणणाऱ्या रुग्णाला अनेकदा घाबरट ठरवले जाते आणि लगेच मिडाझोलम हे गुंगीचे औषध दिले जाते. श्वासमार्ग आधीच अरुंद असेल तर तो उपाय महागात पडू शकतो. आता मी हे वाटणे येण्याआधीच रुग्णाला सांगून ठेवते, आणि नाकासमोर हात धरून पाहायलाही सांगते. खरोखरचा अडथळा मात्र असा समजुतीने सोडून देता येत नाही, म्हणून आवाज, छातीची हालचाल आणि मॉनिटर यांवर नजर ठेवावीच लागते.

स्वरतंतूंच्या खालचा भाग बधिर करण्याचा माझ्या हातचा नेहमीचा मार्ग म्हणजे गळ्यासमोर स्वरयंत्राच्या दोन कूर्चांमधल्या क्रायकोथायरॉइड पडद्यातून सुई घालून, हवा ओढली गेल्याची खात्री करून, लिग्नोकेन झटकन सोडणे. त्यासरशी खोकला येतो आणि तोच औषध वर-खाली पसरवतो. त्या भागाची संवेदना वाहून नेणारी रिकरंट लॅरिंजियल नस थेट बधिर करता येत नाही, कारण स्वरतंतूंना हलवणारे बहुतेक स्नायूही तिच्याच ताब्यात असतात. गळ्यात वरच्या बाजूला असलेल्या हायॉइड हाडाच्या टोकाजवळ, स्वरतंतूंच्या वरच्या भागाला संवेदना देणाऱ्या सुपीरियर लॅरिंजियल नसेभोवती औषध देण्याची पद्धतही चांगली आहे. पण गाठीमुळे मानेची रचना बदललेली असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर मी सुयांच्या वाटेला जात नाही. कार्यशाळेतही सुई टाळली होती. दुर्बीण पुढे नेत नेत तिच्यातून औषध सोडायचे ठरले होते.

नको झाले तर डावा हात वर करायचा, ही खूण आधीच ठरली होती. दुर्बीण नाकातून जाताना फक्त दाब जाणवला. समोरच्या पडद्यावर माझे एपिग्लॉटिस, म्हणजे स्वरयंत्रावरची झडप, आणि त्यामागे उघडझाप करणारे स्वरतंतू दिसले. त्यांच्यावर 2 मिलिलिटर औषध सोडल्यावर जोराचा खोकला आला आणि डॉक्टर थांबले. जवळपास एक मिनिट कोणी काहीच केले नाही. अधीर हात नेमके हे मिनिट वाचवायला बघतात. दुसऱ्या खेपेस औषध तंतूंच्या पलीकडे सोडले, पुन्हा थांबले, आणि मग दुर्बीण श्वासनलिकेच्या कड्यांवरून थेट तिच्या दुभागणीपर्यंत गेली. तेव्हा खोकला जवळजवळ नव्हताच.

त्रास झाला तो नळीचा, आणि तोही नाकात. 6 क्रमांकाची नळी नाकाच्या आतल्या अरुंद भागातून सरकताना डोळ्यांत पाणी आले. कापसाच्या पट्ट्या आणखी आत, आणखी थोडा वेळ ठेवायला हव्या होत्या असे मला वाटते. स्वरयंत्रापाशी नळी किंचित अडली. तिचे तिरके टोक स्वरयंत्राच्या मागच्या बाजूच्या उजव्या ॲरिटेनॉइड कूर्चेवर अडकते हे आम्ही सगळेच शिकवतो. डॉक्टरांनी ती घड्याळाच्या उलट दिशेने पाव वळसा फिरवली आणि ती आत गेली. मी 'हं' म्हणायला गेले तर आवाज फुटला नाही, आणि उच्छ्वास मोजणाऱ्या कॅप्नोग्राफवर कार्बन डायऑक्साइडची लाट दिसू लागली. दुर्बिणीतून नळी श्वासनलिकेत दिसणे आणि ही लाट, या दोन्ही खुणा पटल्यावरच रुग्णाला भूल द्यायची असते.

नळी काढल्यावर दोन तास काहीही खाऊ-पिऊ दिले नाही, कारण बधिर स्वरयंत्र पाण्याचा घोट चुकीच्या वाटेने जाताना ठसक्याने अडवत नाही. दोन तासांनी घोटभर पाणी देऊन, ठसका लागत नाही ना हे पाहूनच मला सोडले. आवाज संध्याकाळपर्यंत बसलेला होता आणि नाकाची ती बाजू दुसऱ्या दिवशीही हुळहुळत होती.