खुर्च्या जप्त करून काय मिळतं?

तुम्ही विचारलंत म्हणून. तसं सगळेच विचारतात. कोर्टाचा निकाल होऊनही सरकार जमिनीचा मोबदला देत नाही, तेव्हा आम्ही वकील कोर्टामार्फत सरकारी कार्यालयातल्या खुर्च्या जप्त करायला लावतो. त्या जप्तीचा फोटो पेपरात आला की सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या, टपरीवर, नात्यातल्या लग्नात, अगदी पंगतीतसुद्धा हेच: 'वकीलसाहेब, सरकारी खुर्च्या उचलून काय मिळतं? पैसाच नाही तर सरकार देणार कुठून?'

पैसा नाही, हे मला मान्यच नाही. राज्य सरकारविरुद्ध हुकूमनामा, म्हणजे पैसे देण्याचा कोर्टाचा अंतिम आदेश, झाला की ती रक्कम घटनेच्या कलम 202 नुसार राज्याच्या एकत्रित निधीवर, म्हणजे मुख्य तिजोरीवर, भारित असते, तिच्यावर विधानसभेत मतदानही होत नाही. आमदारांना जी कापता येत नाही, ती टेबलावरचा कारकून 'तरतूद आली नाही' म्हणून अडवतो. शिवाय 1894 च्या भूसंपादन कायद्यात (2014 मध्ये तो रद्द झाला) कोर्टाने वाढवून दिलेल्या मोबदल्यावर जमिनीच्या ताब्यापासून पहिल्या वर्षी 9 आणि पुढे 15 टक्के व्याज होतं. ते तुमच्याच करातून जातं. मग उधळपट्टी माझ्या अशिलाची, की फाईल दाबून बसणाऱ्याची?

सिन्नरकडच्या एका आजींची जमीन कालव्यात गेली. निकाल लागेपर्यंत यजमान वारले, वारस म्हणून आजींचं नाव लागलं. दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज, केली, जप्तीचं वॉरंट निघालं. आम्ही बेलीफांबरोबर (जप्ती करणारे कोर्टाचे कर्मचारी) टेम्पो घेऊन त्या कार्यालयात गेलो. साहेब मीटिंगला. बेलीफ एकेक खुर्ची यादीत लिहीत आजींपाशी आले. 'आजी, उठता का जरा? ही पण घ्यायचीय.' आजी उठल्या, पदरानं खुर्ची पुसून दिली आणि भिंतीला टेकल्या. नेहमी तरतुदीचं सांगणारा कारकूनच ओशाळून आतून स्टूल घेऊन आला. बेलीफांनी तेही यादीत धरलं! मग मात्र साहेब मीटिंगमधून लगेच आले. महिन्याभराचं लेखी आश्वासन मिळालं, खुर्च्या टेम्पोतून उतरल्या आणि चेक खरोखर कोर्टात जमा झाला.

तर हे मिळतं.

पण त्यानंतर तोच कारकून मला कोर्टाच्या आवारात भेटला. म्हणाला, 'साहेब, तुमचं भागवायला दुसऱ्या गावाचे पैसे वळवले. त्यांची जप्ती नव्हती ना.'

वकिलीची सनद नवीन होती तेव्हा मी म्हणालो असतो, तो सरकारचा प्रश्न. आजही कोर्टात उभा राहून तेच म्हणेन. 1980 च्या रतलाम निकालात सुप्रीम कोर्टाच्या न्या. कृष्णा अय्यरांनी नगरपालिकेची पैसे नसल्याची सबब झिडकारली, तो दाखला माझ्या तोंडी असतोच. घरी आल्यावर मात्र तो युक्तिवाद तितकासा पटत नाही. वकील करायची ऐपत ज्याची, त्याचा नंबर आधी, असं काही घटनेत लिहिलेलं नाही.

म्हणून जप्त्या थांबवू? मुळीच नाही. त्या गावचे लोक आले तर त्यांचंही वकीलपत्र घेईन. मग पैसे कुठल्या तिसऱ्या गावाचे वळतील, ते मला नका विचारू, मंत्रालयात विचारा.