लहान?

मंगळवार, रात्रीचे पावणेअकरा.

एवढाच शब्द. ‘लहान?’ आचाऱ्याची नजर वोकवर, त्या चिनी कढईवर, मान वळली नाही, आणि मी लगेच ‘हो’ म्हणून मोकळी झाले. विचारण्यात गैर काहीच नाही. पण त्या चिनी खानावळीच्या काउंटरवर मला कुणी विचारत नसे. स्टुलावर टेकलं की चहाचा पेला पुढे यायचा आणि चहा कोमट होईतो अंड्याचा फ्राइड राइस. मोठी प्लेट, न विचारता. आज विचारलं.

ताईला फोन करणार होते. ती म्हणाली असती, भाताच्या प्लेटवरून इतकं? म्हणून केला नाही. लिहितेय.

मोठीत आणि लहानात फरक तरी किती? माझ्या अंदाजाने लहान म्हणजे ३०० ग्रॅम शिजलेला भात, दोन अंडी, दोन मोठे चमचे तेल. मोठीत भात दुप्पट, पण अंडी तीनच, आणि तेलही दुप्पट नाही, कारण तेल लागतं ते भांड्याला, आणि भांडं तेवढंच राहतं. म्हणजे मोठी मागणाऱ्याला जास्तीचा मिळतो तो मुख्यतः भात. हे मला इतकी वर्षं माहीत होतं, तरी लहान कधी मागितली नाही. मोठी प्लेट मुळात दोघांची, दोन चमच्यांनी खायची होती. असो.

त्याला वय दिसलं असेल का? की नुसतं एकटेपण? की मागच्या दोन-तीन खेपांना मी उरलेला भात डब्यात घालून नेला, ते त्याच्या ध्यानात राहिलं? तिन्हींपैकी कुठलंही असलं तरी बरं वाटत नाही. कुणी आपल्यावर इतकं लक्ष ठेवून असावं आणि ते एका शब्दात सांगून टाकावं, आणि तेसुद्धा मान न वळवता.

मीही त्याच्याकडे बघतच असते म्हणा. काउंटरवर बसण्याचं सगळं सुख तेच, समोर सगळं दिसतं. वोक कार्बन स्टीलचा, दीड-दोन मिलिमीटर जाड, बुडाला गोल. आधी रिकामाच तापवतात, धूर सुटेपर्यंत. मग ओगराळंभर तेल ओतून वोक गोल फिरवायचा आणि सगळीकडे लागलं की ते तेल परत डब्यात. शिजवायचं तेल त्यानंतर, वेगळं आणि थंड. घरी करणारे हे पहिलं तेल वगळतात, त्यांना ती उधळपट्टी वाटते. मग अंडं चिकटतं, त्याच जागी भात चिकटतो, खरवडावं लागतं आणि खरवडताना शितं मोडतात. भात गिचका झाला म्हणून सगळे तांदळाला नावं ठेवतात. तांदळाची चूक नसते.

अंड्याला दहा सेकंद पुरतात. काठ फुगला आणि मध्यभाग अजून ओला आहे तेवढ्यात भात घालायचा, म्हणजे ओलं अंडं शितांना धरतं. पूर्ण शिजू दिलं तर अंड्याचे तुकडे एकीकडे आणि भात दुसरीकडे. गोळे ओगराळ्याच्या पाठीने दाबून सोडवायचे, धारेने कापायचे नाहीत. मीठ याच वेळी. सोया सॉस मात्र भातावर नाही, वोकच्या काठाने उघड्या लोखंडावर, एक छोटा चमचा. पडताक्षणी तडतडतो, त्यातलं पाणी उडतं आणि वास पार बदलतो. भातावरच ओतला तर खालची शितं ओली तपकिरी, बाकीची पांढरीफटक. शेवटी पांढरी मिरी चिमूटभर, कांद्याची पात, आणि आच बंद. दोन्ही हात गुंतलेले असतात म्हणून गॅसची तरफ तो गुडघ्याने ढकलतो. मग वरचा फिरता नळ ओढायचा, बांबूच्या कुंच्याने दोन फेरे, पाणी शेगडीमागच्या पन्हळीत, पुन्हा धूर, पुढची प्लेट.

भात आदल्या दिवशीचा असतो, हे आता सगळ्यांना माहीत आहे. का असतो ते कमी जणांना. शिजलेल्या भातातला स्टार्च थंडाव्यात पुन्हा घट्ट होतो आणि शिताचा पृष्ठभाग सुकतो, म्हणून शितं सुटी राहतात. ताजा भात ताटात पातळ पसरून पंख्याखाली ठेवला तरी बरंचसं काम होतं. फक्त रात्रभर ओट्यावर ठेवलेला भात नको. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही टिकतात, उबेत वाढतात, आणि त्यांचं एक विष पुन्हा परतल्यानेही जात नाही. लवकर निववायचा आणि थेट फ्रिजमध्ये. डब्यातून घरी नेलेल्या उरलेल्या भाताचंही तेच. मी ते नेहमी करतेच असं नाही.

पुन्हा तिथेच येतेय. लहान.

गोल टेबलाचं जेवण वेगळं. आठ जण, मध्ये फिरती चकती, प्रत्येक पदार्थ सगळ्यांचा. तिथे लहान-मोठं हे माणसं मोजून ठरतं. काउंटर हा एकट्याचा. दक्षिण चीनमधल्या कँटनी लोकांत ‘दिप थाऊ फान’ म्हणतात, एका प्लेटमध्ये भात आणि त्यावर जे काही असेल ते, एका माणसासाठी. अमेरिकेत १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना दार बंद झालं ते १९४३ मध्ये उघडलं, तेही किलकिलं. बायकामुलांना आणणं बहुतेकांना जमायचं नाही, त्यामुळे तिथल्या कित्येक चिनी वस्त्या म्हणजे एकट्या पुरुषांच्या वस्त्या होत्या. त्यांना कुणी ‘लहान?’ विचारलं असेल असं वाटत नाही. दिवसभर राबून आलेला माणूस मोठीच खाणार.

मी काही राबून आले नव्हते. मार्चपासून तर नाहीच.

शेजारच्या स्टुलावर वॉन्टन नूडल्स आले, वॉन्टन म्हणजे सारण भरलेल्या पातळ पिठाच्या पुड्या. मी ते सहसा मागवत नाही, पण बघत राहावेत असे असतात. व्यवस्थित रचलेल्या वाडग्यात चमचा तळाशी, त्यावर वॉन्टन, सर्वात वर नूडल्सची जुडी. नूडल्स खाली घातले तर गरम रश्शात शिजत राहतात. त्यांच्या पिठात पापडखारासारख्या क्षाराचं पाणी असतं, त्यामुळे ते पिवळसर आणि ताठ होतात, पण रश्शात फार वेळ राहिले की मऊ पडतात आणि तो क्षार रश्श्यात उतरतो. म्हणूनच हाँगकाँगचे जुने खवय्ये लहान वाडगंच खरं मानतात. ‘साय युंग’ म्हणतात त्याला. चार-पाच घासांत संपतं, नूडल्सना बिघडायला वेळच मिळत नाही. मोठं वाडगं म्हणजे अर्ध्यानंतर नुसती पेज. हे सगळं मला पाठ आहे, आणि तरीही ‘लहान’ ऐकून मी तोंड पाडून बसले होते.

मग प्लेट आली, आणि ती चांगली होती. नुसती चांगली नाही, तो वास होता तिच्यात. कँटनी लोक ज्याला वोक हेय म्हणतात तो. धुराचा म्हणावा तर धुराचा नाही, करपटाच्या एक पायरी अलीकडचा. गेले कित्येक महिने तो मिळत नव्हता आणि मी समजत होते की आपली जीभच बोथट झाली.

घरी येऊन हिशेब मांडला. दीड किलोचा वोक ३०० अंशांवरून १०० अंशांवर उतरताना जेमतेम १५० किलोज्यूल उष्णता सोडतो. फ्रिजमधला ३०० ग्रॅम भात १०० अंशांपर्यंत न्यायला साधारण १०० किलोज्यूल लागते, ६०० ग्रॅमला २००. लहान प्लेट वोकने आधीच साठवलेल्या उष्णतेवर निभावते. मोठीत वोकच थंड पडतो, भातातलं पाणी उडून जायच्या ऐवजी वाफ होऊन तिथेच घुटमळतं, आणि भात परतला न जाता पुन्हा वाफवला जातो. त्या शेगडीची ताकद तासाला १ लाख बीटीयूच्या (बीटीयू हे उष्णतेचं एक माप) घरात असते, म्हणून तिथे भरपाई लवकर होते आणि फरक थोडा पडतो. घरचा बर्नर १० हजारांच्या आसपास. तिथे मोठी प्लेट म्हणजे फोडणीची खिचडी. घरी चार जणांसाठी करायचा असेल तर चार वेळा करावा, मधे प्रत्येक वेळी वोक धुरावर आणून. लोकांना हे सांगितलं की ते हसतात आणि सगळा भात एकदम ओततात.

उष्णतेचं एक झालं. दुसरं उडवण्याचं. भात उसळून वोकच्या काठावरच्या गरम हवेतून जातो, तेलाचे बारीक थेंब ज्वाळेत पेटतात, शितं क्षणभर सुकतात, आणि बुडाशी करपायच्या आत जागा बदलतात. २०२० मध्ये जॉर्जिया टेकच्या दोघा संशोधकांनी याचं गणित छापलं. पुढे-मागे ढकलणं आणि सी-सॉसारखं कलणं या दोन हालचाली एकत्र, आणि एक फेरी सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्शात. वोक शेगडीच्या काठावर टेकवून करतात म्हणून जमतं, तरी दिवसभर. असे आचारी खांदेदुखीला कंटाळलेले असतात, याचाही उल्लेख आहे त्यात.

हे लिहिता लिहिता आठवलं. गेल्या काही महिन्यांत तो मोठी प्लेट उडवत नव्हताच. ओगराळ्याने ढवळत होता. उजव्या हाताने ढवळायचा आणि डावा नुसता कडीला धरलेला. मी ते पाहिलं होतं, आणि वास नाही म्हणून माझ्या जिभेला बोल लावत होते. आज लहान प्लेट, आणि आज वोक उडाला. चार वेळा, पाच वेळा.

म्हणजे त्याने माझं वय पाहिलंच नसेल कदाचित. दीड किलो लोखंड आणि त्यात सहाशे ग्रॅम भात पाहिला असेल, आणि आपला डावा खांदा. मी इथे अडीच पानं स्वतःवर रडतेय.

हेही खरंच असेल असं नाही. शेवटच्या तासाला गेलं की भाताचा डबा तळाशी आलेला असतो, म्हणूनही विचारलं असेल. डब्यात भात कमी होता, पाहिल्यासारखं वाटतं. की आता सोयीचं म्हणून वाटतंय? आबा म्हणायचे तसं... नको.

प्लेट संपली. सगळी. डबा लागला नाही, पिशवीत तसाच रिकामा घरी आला. तिसऱ्यांदा चहा ओतला गेला तेव्हा मी काउंटरवर दोन बोटांनी टकटक केलं, तिथे आभार मानायची तीच रीत. त्याने पाहिलं की नाही कोण जाणे, मान वोककडेच होती.

गुरुवारी जाईन. दोन लहान मागवणार आहे, एकापाठोपाठ एक, पहिली संपल्यावरच दुसरी. मधे वोक धुरावर आणायला सांगावं लागणार नाही, ते तो करतोच. दुसरी संपली नाही तर डबा नेईनच. आणि भात घरी आल्याबरोबर फ्रिजमध्ये, या वेळी खरंच.